आमची वाटचाल : आबा गेले त्या दिवसापासून

गोव्यातल्या डिचोलीत 2004 साली भाड्याच्या शेडमध्ये एका वेल्डिंग मशीनवर सुरुवात केली. तेव्हा खाणीवरच्या टिपरांच्या बॉड्या दुरुस्तीला यायच्या. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, काम गेलं, माणसं गेली. आमचे वेल्डर आबा तेवढे थांबले. ग्रील आणि गेटच्या कामात त्यांनीच आमचा हात बसवला. आज आम्ही चौदाजण आहोत.

2023 च्या मे महिन्यात, जेवणानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करता करता आबा छाती धरून खाली बसले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं.

आमचे हिशेब बघणारे म्हणाले, "हार्ट अटॅक आहे, अपघात नव्हे. कळवायची गरज नाही." दोन दिवस मीही तेच धरून बसलो. मग आबांच्या पत्नीनं, काकींनी विचारलं, "त्या दिवशी ते काय काम करत होते रे?" मला उत्तर देता येईना. हेल्पर आला नव्हता, आणि दोघांनी उचलायचं लोखंडी गेट आबा सकाळपासून एकटे फिरवत होते. मी ते पाहिलं होतं.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात अपघात काम चालू असताना आणि कामामुळे झालेला असावा लागे. नुसता शेडमध्ये मृत्यू आला, एवढ्यानं भागत नसे. पण कामाच्या ताणानं हृदय बंद पडलं, तर तोही अपघात ठरू शकतो, असं कोर्टांनी मानलं आहे. आबांचं यातलं कुठलं, हे मी कोण ठरवणार? कळवलं म्हणजे दोष कबूल केला असं होत नाही. पणजीत आल्तिनोला कारखाने निरीक्षकांना कळवलं, आणि सात दिवसांच्या आत तिथल्याच पाटोला भरपाई आयुक्तांकडे अहवाल दिला. सोबत हजेरीपट जोडला, हेल्परच्या गैरहजेरीसकट.

आबांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या वर गेल्यानं ते ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून बाहेर पडले होते, म्हणजे जबाबदारी आमचीच. मी पैसे घेऊन काकींकडे निघालो, तर वकिलांनी अडवलं. त्या कायद्यात मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे, परस्पर दिलेली धरत नसत.

आमची निम्मी पोरं दोडामार्ग, सावंतवाडीहून बाइकनं येतात. साखर कारखान्यावर पाळीला निघालेला एक वॉचमन 2003 मध्ये 5 किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर असा वाटेतला अपघातही कामातलाच, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं. त्याच्या घरच्यांनी 22 वर्षं वाट पाहिली. आमच्या हजेरीवहीत आता घरून निघाल्याच्या वेळेचाही रकाना आहे.