भुसावळचे बर्फवाले

आमच्या दुकानावरची पाटी अजून फोटो स्टुडिओचीच आहे. खाली एक ओळ नंतर रंगवून घेतली, 'स्कीइंग व फोटोग्राफी सहली'. पेंटरने पहिल्यांदा 'स्कीन' असं लिहून ठेवलं होतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत दोन जण नायट्याचं औषध विचारून गेले. गल्लीत मात्र आमचं नाव 'बर्फवाले'. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात हे नाव मिळालं की लोक लादीचा भावही विचारतात.

स्टुडिओ वडिलांचा. रेल्वेच्या माणसांचे पास-फोटो, मुलगी दाखवायचे फोटो आणि लग्नं, यावर घर चाललं. मोबाईलने पास-फोटो खाल्ले, ड्रोनवाल्या पोरांनी लग्नं खाल्ली. मी धंदा बदलायच्या विचारात होतो असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी नुसता वैतागलेलो होतो. तेव्हा यावल तालुक्यात केळीच्या बागा असलेला माझा वर्गमित्र म्हणाला, "चल भो, बर्फ पाहून येऊ." सोबत धुळ्याचे एक मास्तर आणि एक दातांचे डॉक्टर. चौघं भुसावळला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलो, जम्मूत उतरलो. रामबनजवळ दरड कोसळून महामार्ग बंद, म्हणून दोन रात्री तिथेच काढल्या. मग श्रीनगर, टंगमर्ग, आणि तिथून चाकांना साखळ्या बांधलेल्या सुमोतून गुलमर्ग. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, त्यामुळे घरच्यांना वाटलं आम्ही गेलो ते गेलोच.

स्कीचा बूट पहिल्यांदा घातला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे प्लास्टर आहे, फक्त पाय मोडायच्या आधी घातलेलं." खरंच तसंच वाटतं. घोटा हलत नाही, नडगी बुटाच्या जिभेला टेकून राहते, आणि ती टेकलेलीच राहिली पाहिजे ही सगळ्या विद्येची पहिली पायरी. उतार दिसला की माणूस भीतीने मागे कलतो. मागे कलला की स्की पुढे पळतात आणि माणूस बसतो. शिकवणारा काश्मिरी मुलगा दिवसभर एकच वाक्य म्हणत होता, "आगे झुको, साहब." नवशिक्याची थांबायची पद्धत म्हणजे स्नो-प्लाऊ. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकललेल्या, आतल्या कडा बर्फात रुतवलेल्या. प्लाऊ म्हणजे नांगर हे कळल्यावर केळीवाला म्हणाला, "मग एवढं कशाला समजावता, हे तर येतं मला." आणि चौघांत सगळ्यात आधी तोच शिकला. मास्तर तिसऱ्या दिवसापर्यंत पडतच होते. प्रत्येक वेळी बर्फातून डोकं काढून विचारायचे, "काय व्हयनं रे भो?"

फोटो मात्र माझे नासले. वीस वर्षं लग्नं मारलेला माणूस, आणि बर्फ सगळा मळकट राखाडी. कारण साधं आहे. समोर काहीही असलं तरी ते मध्यम राखाडीच आहे असं कॅमेऱ्याचा मीटर धरून चालतो. पांढरं फक्क दिसलं की तो उजेड कमी करतो. त्याला दटावून एक ते दोन स्टॉप (उजेडाचं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्यावं लागतं. नवरीच्या शालूचं मला पाठ होतं, बर्फाचं नव्हतं.

परत आल्यावर याचा सराव कुठे करायचा? उत्तर घराजवळच होतं. डिसेंबरात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात. दुपारच्या उन्हात तो कापूस बर्फाइतकाच कॅमेऱ्याला फसवतो. पाऊण स्टॉप वर घेतला तर अजून मळका, दीडच्या पुढे गेला तर धागा दिसेनासा होऊन नुसता पांढरा डाग. गंजीवर उभा असलेला हमाल, त्याचा काळासावळा चेहरा आणि मागे पांढरा डोंगर. यात चेहरा आणि धागा दोन्ही राखता आले की बर्फावरचा माणूस जमतो. आजही आमच्या प्रत्येक तुकडीचा पहिला वर्ग जिनिंगमध्येच होतो. पळत्या माणसामागे कॅमेरा फिरवायचा सराव सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, दत्तजयंतीच्या दिवसांत. घोडा चुकला तर दुसरा येतो. स्कीवाला चुकला तर त्याला परत वर चढायला लावावं लागतं, आणि तो दुसऱ्यांदा हसत नाही.

पुढच्या वर्षीचा एक फोटो, केळीवाल्याच्या वळणावर उडालेला बर्फाचा पंखा, मी मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. पासपोर्ट फोटोला आलेले लोक त्याच्यासमोर थांबायचे. "हे आपलं पोरगं?" मग, "आम्हाला नेता का?" पहिल्या तुकडीत सहा जण होते आणि आम्ही सपाटून तोट्यात गेलो, कारण बूट-हातमोज्यांचं भाडं हिशोबात धरायचंच राहिलं होतं. जेवणाचा हिशोब मात्र चोख होता. भरताची वांगी आम्ही इथून नेली आणि बुखारीतले, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीतले, निखारे काढून त्यांवर भाजली. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्याची सर नाही, पण हॉटेलचा आचारी दोनदा मागून घेऊन गेला.

आता ज्या गोष्टीमुळे हा धंदा आज जसा आहे तसा झाला ती सांगतो.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांचा. पहिला कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५ साली सुरू झाला, तो अफरवट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर, म्हणजे वर गेल्यावर धाप कुठून लागते ते समजून घ्या. या दुसऱ्या टप्प्यावर दाबून गुळगुळीत केलेली वाट फारशी नाही. गस्तीपथक बर्फ तपासतं, गरज पडली तर स्फोट करून सैल बर्फ पाडतं, मग ठराविक भाग उघडतं. त्याच्या पलीकडे कोरा डोंगर. तिथे जायचं तर स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवतात (पेंटर अगदीच चुकला नव्हता म्हणायचा). एका दिशेने लव असलेला पट्टा असतो, पुढे सरकतो आणि मागे घसरू देत नाही. चढून जायचं, पट्टे सोलून पिशवीत टाकायचे आणि उतरायचं.

तिसऱ्या वर्षी दोन दिवस बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलं. गाइडने सांगितलं होतं, कड्याच्या धारेने एकेकाने जायचं आणि डावीकडच्या खडकाशी थांबायचं. मी खाली थांबून कॅमेरा लावला. चौकट हवी तशी बसेना. मास्तर अगदी कडेला, पार्श्वभूमीला खडक. मी ओरडलो, "मास्तर, चार-पाच हात उजवीकडे घ्या!" मास्तरांनी घेतलं. बसका, पोकळ असा आवाज आला, जणू कुणी गादीवर बसलं. त्यांच्या वरच्या अंगाला बर्फात एक भेग पळत गेली आणि खालचा थर सुटला.

थर लहान होता. मास्तर कंबरेपर्यंत गाडले गेले, एक स्की गेली ती सापडलीच नाही. ते हातानेच बाहेर निघाले. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. गाइडही बोलला नाही, माझ्याकडे नुसतं बघून पुढे निघाला. भाड्याच्या दुकानाला आम्ही पूर्ण जोडीचे पैसे दिले.

त्या क्षणी माझं बोट शटरवर होतं. फोटो आलेला आहे. भेग, तिच्याखाली मास्तर, हात वर. एक्स्पोजर अगदी बरोबर. तो काचेत लावलेला नाही आणि कुठे टाकलेलाही नाही. प्रत्येक तुकडीला पहिल्या रात्री भिंतीवर तेवढा एकच दाखवतो.

तेव्हापासून आमच्याकडे फोटोवाला जागा ठरवत नाही. गाइड उतार ठरवतो, त्यावर जे मिळेल ते टिपायचं. खालून ओरडून कुणाला सरकवायचं नाही. या नियमामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. "एवढे पैसे भरले आणि पावडरमधला (ताज्या भुसभुशीत बर्फातला) एक शॉट नाही?" असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गच्या हिमस्खलनात परदेशी स्कीवाले मेले. तेही हौशे-नवशे नव्हते.

दुसरी गोष्ट, कोऱ्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत खूण पाठवतो. कुणी गाडला गेला तर बाकीच्यांनी आपला शोधण्यावर लावायचा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर जगायची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. त्यामुळे बाहेरून मदत येईल ही कल्पनाच सोडून द्यायची. मदत म्हणजे तुमच्या शेजारचा माणूस. फोन किंवा कॅमेरा यंत्राजवळ असला तर वाचन बिघडतं, म्हणून शोधताना तो अर्धा मीटर तरी लांब हवा. फोटोवाल्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

याचा सराव केळीवाल्याच्या भावकीतल्या रिकाम्या शेतात, पऱ्हाट्या उपटून झाल्यावर. चालू यंत्र गोणीत घालून पुरायचं आणि बाकीच्यांनी शोधून खणायचं. पहिल्याच दिवशी बांधावर गर्दी जमली. मशीन घेऊन वाकून फिरणारी शहरी माणसं, मधूनच 'पीप पीप' आणि मग धावत जाऊन खणणं. एका म्हाताऱ्या बाबांनी शेवटी विचारलंच, "काय करू राह्यले भो? धन लागलं का?" आम्ही कितीही समजावलं तरी त्या शेतात नंतर महिनाभर रात्री कुणी ना कुणी खणत होतं, असं केळीवाला सांगतो.

बाकीचे तडाखे थोडक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कलम ३७० हटलं आणि तो हिवाळा गेला, त्याला लागूनच लॉकडाऊन. उत्तराखंडातल्या औलीची तयारी केली तर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथला रोपवे बंद पडला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बर्फच नव्हता. जिथे कंबरभर असायचा तिथे पिवळं गवत. नऊ जणांना स्की घालून गवतावर थोडंच नेता येतं? अर्धे पैसे परत केले आणि उरलेले दिवस श्रीनगरात काढले. तांबटांची आळी, दल सरोवरावरचं धुकं, पानगळ झालेले चिनार. फोटो म्हणाल तर आमच्या आजवरच्या सहलींतले ते सगळ्यात चांगले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाल्यावर फोन वाजला की मीच आधी "पैसे परत करतो" म्हणायचो.

सामान मात्र जपावंच लागतं. पहिल्या उन्हाळ्यात स्किनचे पट्टे मी माळ्यावर टाकले होते. भुसावळच्या मे महिन्यात त्यांचा गोंद असा वितळला की दोन जोड्या एकमेकींना चिकटून चिक्की झाल्या. वडिलांनी ते पाहिलं आणि काही न बोलता मागच्या खोलीतला जुना छोटा फ्रीज पुसून चालू केला. त्यात ते पूर्वी रोल आणि फोटोचा कागद ठेवायचे. बारा वर्षं तो बंद होता. आता तिथे स्किन असतात. वडील रोज सकाळी दार उघडून आतला थर्मामीटर बघतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितात. पासपोर्ट फोटोला आलेल्या कुणी गार पाण्यासाठी त्या फ्रीजला हात लावला, की आतून ओरडतात, "तो नको, माठ बाहेर आहे."