पद्मिनीची वायरिंग, नोंद तिसरी : इंजिनाचा ‘अर्थ’ (अर्थिंग)

माझ्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीची विजेची दुखणी तीन होती. सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरत असे, हेडलाइट पिवळट पडत, आणि ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर लुकलुकायचा थांबून मंद जळत राही. बॅटरी नवी बसवून झाली होती, सेल्फही खोलून नवे कार्बन टाकले होते, तरी सकाळी गाडी कुंथतच असे.

खरा दुवा मल्टीमीटरने दिला नाही, तो बोटांनी दिला. इंजिन पूर्ण थंड असताना चार वेळा सेल्फ मारला आणि चोकची केबल जागेवर आहे का हे पाहण्यासाठी हात घातला, तेव्हा तिचे कवच चटका बसण्याइतके तापलेले होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडावा लागतो (हाच इंजिनाचा ‘अर्थ’), आणि ही पट्टी निकामी झाली की सेल्फचा शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह चोकच्या केबलसारख्या मिळेल त्या वाटेने बॅटरीकडे परततो. याच पट्टीवर मी महिनाभरापूर्वी मल्टीमीटर लावला होता आणि त्याने बीप दिली होती, म्हणजे जोडणी शाबूत दाखवली होती. त्या तपासणीत अगदी क्षीण प्रवाह वाहतो आणि त्याला एक शाबूत तारही पुरते; मात्र १५० अँपियरच्या प्रवाहाला ०.०१ ओहमचा अडथळाही १.५ व्होल्ट खातो. म्हणून अर्थ तपासायचा तो भार असतानाच, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढली, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर धरून मुलाला सेल्फ मारायला सांगितले. आकडा आला २.३ व्होल्ट, जो ०.२ च्या वर जाऊ नये. लाल पिन बॉडीवर धरल्यावर मात्र ०.१ च दिसला, म्हणजे दोष बॉडी आणि इंजिन यांच्यामध्येच होता. पट्टी खोलली तेव्हा लगजवळच्या (टोकाच्या कडीजवळच्या) तारा हिरव्या पडून हातातच तुटल्या. पुण्याच्या नाना पेठेतून नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता तोच आकडा ०.१२ आहे आणि सेल्फ पहिल्या झटक्याला फिरतो.

हेडलाइटलाही हीच पद्धत लावली. लो बीम चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते, पण बल्बच्या होल्डरवर जेमतेम १०.१. त्यातले ०.९ अर्थच्या बाजूला जात होते, अर्थचा बोल्ट साफ करताच ते ०.१ वर आले. उरलेला १.३ व्होल्ट स्विच आणि जुन्या बारीक वायरींत हरवत होता, कारण ५५ वॉटच्या दोन बल्बांचा सुमारे ९ अँपियर प्रवाह थेट स्विचमधून जात होता. त्यासाठी लो आणि हाय बीमला एकेक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवला. बॅटरीकडून १५ अँपियरच्या फ्यूजमधून येणारी वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, बल्बकडे जाणारी ८७ ला, स्विचची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला जोडली. होल्डरवर आता ११.९ मिळतात, आणि रात्रीच्या रस्त्यावर तो फरक पहिल्याच वळणाला दिसला.

मागच्या दिव्याचा अर्थ गंजलेल्या स्क्रूवर अवलंबून होता; बॉडीपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढताच इंडिकेटर सुधारला.

तपासताना चौथे दुखणे मात्र हाती लागले. सर्व बंद असतानाही बॅटरीतून १८० मिलिअँपियर जात होते, आणि एकेक करून सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलेना. माझ्या गाडीत चार्जिंगची वायर फ्यूजमधून जात नाही हे लक्षात आल्यावर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) जाड वायर सोडवली (हा अल्टरनेटर डायनॅमोच्या जागी आधीच्या मालकांनी बसवला होता), आणि आकडा शून्याजवळ आला. त्यातला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असावा. येत्या रविवारी अल्टरनेटर उतरवून प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी मोजणार आहे. तोपर्यंत रोज रात्री बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवतो.