शंभर किलो ओल्या कचऱ्याची वीज किती?

इंदुरात आमच्या सोसायटीतून रोज शंभर किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार एवढ्या मोठ्या वसाहतीने तो शक्यतो आवारातच जिरवावा, अशी अपेक्षा होती. कमिटीच्या बैठकीत विषय निघाला आणि लगेच स्वप्नं सुरू झाली: कचऱ्यावर लिफ्ट चालेल, कॉमन मीटरचं बिल शून्यावर येईल.

मी आकडे मांडले. शंभर किलोतून आठ ते दहा घनमीटर बायोगॅस. एका घनमीटरातून जनरेटरवर दीड-दोन युनिट वीज. म्हणजे दिवसाला जेमतेम पंधरा-वीस युनिट, कारण इंजिन दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेतच घालवतं. तोच गॅस शेगडीला लावला तर रोज साधारण चार किलो एलपीजी वाचतो. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मग वीज कशाला हो? क्लबहाउसचा स्वयंपाक करा की!” विषय तिथेच मिटला. उरलेल्या गॅसवर संध्याकाळी आवारातले दिवे लावायचे, एवढीच वीज ठेवली.

परवानगी आणि कोटेशनं यात वेळ गेला. सांगण्यासारखं त्यात काही नाही. खरी गंमत बायोगॅसची टाकी भरल्यावर. गोशाळेतून शेण आणलं, तेवढंच पाणी घालून कालवलं आणि वाट पाहत बसलो. सुरुवातीचा गॅस पेटतच नाही, कारण त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. काडी लावली की फुस्स. पाहायला जमलेली मुलं कंटाळून पळाली.

पुढे ज्योत आली, आणि काही आठवड्यांत पुन्हा मंदावली. टाकी सांभाळणारा मुलगा सकाळीच दारात: “भिया, आज तो खट्टी बास मार रही है.” आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी बुडवली तर साडेपाच, पाहिजे सातच्या आसपास. दोषी कोण, तर रविवारचे पोहे! इंदुरात घरोघरी पोह्यांवर लिंबू पिळतात आणि सालं बादलीत जातात. त्या सालातलं तेल मीथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मानवत नाही. मग कचरा टाकणं थांबवलं, ताजं शेण घातलं, थोडा थोडा चुना दिला. टाकी हळूहळू सावरली. आता लिंबा-संत्र्याची सालं वेगळी घेऊन खतात टाकतो. ही शिस्त लावण्यात वहिनीमंडळींचा वाटा कमिटीपेक्षा मोठा.

गॅस शेगडीपर्यंत नेण्याआधी त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो, नाहीतर सडक्या अंड्याचा वास येतो आणि इंजिन गंजतं. त्यासाठी लेथवाल्याकडचा लोखंडाचा गंजका कीस नळकांड्यात भरलाय. काही दिवसांत तो काळा पडतो. काढून हवेत पसरला की गरम होतो आणि पुन्हा तांबूस दिसायला लागतो. हे बघायला मला अजूनही आवडतं.

शहरानेही हाच मार्ग धरलाय. देवगुराडियाला एकेकाळी कचऱ्याचे डोंगर होते. तिथल्या प्रकल्पाचं उद्घाटन पंतप्रधानांनी 19 फेब्रुवारी 2022 ला केलं. क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. त्यातून सुमारे 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत. किमान निम्मा गॅस महापालिकेने सिटी बससाठी घ्यायचा, असं ठरलेलं. डिझेल वाचतं, आणि डोंगरातून हवेत सुटला असता तो मीथेन बसच्या टाकीत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मीथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसपटींहून जास्त ताप वाढवतो. त्यामुळे हा फायदा मला डिझेलच्या बचतीपेक्षाही मोठा वाटतो.

कचरा जाळून वीज करणं वेगळं. जबलपूरला तसा प्रकल्प आहे, पण आपल्या ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच. दिल्लीच्या तिमारपूरला 1987 साली उभारलेला प्रकल्प कचऱ्यातली उष्णता अपुरी पडल्यामुळेच लवकर बंद पडला. पाणी आटवण्यातच आग खर्ची पडली तर वीज कुठून येणार? तिथे सुका, वेगळा केलेला कचराच हवा. थोडक्यात, वीज करा की गॅस, भिस्त शेवटी घरातल्या दोन बादल्यांवरच.

हिवाळ्यात आमची टाकी आळसावते. डिसेंबर-जानेवारीत कचरा कोमट पाण्यात कालवून देतो, वर जुनी ताडपत्री टाकतो. तरी गॅस कमी पडतोच. तेव्हा दिवे सरकारी विजेवर, आणि गॅस फक्त चहाला.