आखाती नोकरीला निघताना: चटणी, कागद आणि तीस किलो

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम केलेला फिटर, टर्नर, वेल्डर दुबईला किंवा सौदीतल्या दम्मामला निघाला की घरात आधी चटणीची तयारी सुरू होते आणि कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात शोधली जातात. खरं तर क्रम उलटा हवा. तरीही चटणीवरच आधी लिहितो, कारण माणूस विमानतळावर अडकू शकतो तो तिच्यापायी, आणि ही गोष्ट अजूनही अनेक घरांत माहीत नाही.

आपल्या कांदा-लसूण चटणीत मिरची, खोबरं, धणे, तिळांबरोबर खसखस पडते. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया या दोन्ही देशांत खसखस न्यायला बंदी आहे. ती अफूच्याच बोंडातलं बी, म्हणून तिथला कायदा तिला अमली पदार्थांच्या रांगेत बसवतो. 'थोडीशीच आहे', 'स्वयंपाकासाठी आहे' हे तिथे चालत नाही. एकदा कुटली की ती चटणीतून वेगळीही काढता येत नाही. म्हणून वर्षभराच्या बरणीतली चटणी पिशवीत भरून देऊ नका. जाणाऱ्यासाठी दीड-दोन किलोची वेगळी करा, खसखस पूर्ण वगळा आणि तेवढे तीळ वाढवा. चवीत फरक पडतो, पण खाणाऱ्याला तो चार दिवसांत अंगवळणी पडतो. डंकावर कुटायला नेली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा माल उखळात आणि चाळणीत चिकटलेला असतो, हे लक्षात घ्या. ही एवढी चटणी घरीच मिक्सरवर केलेली बरी. पांढऱ्या रश्शाचं कोरडं वाटण देणार असाल तर त्यातही काजू, तीळ आणि मगज एवढंच ठेवा. विकतच्या मसाल्याच्या पुड्यावरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. 'पॉपी सीड्स' दिसलं की तो पुडा घरीच ठेवा.

खोबरं नेहमीच्या निम्म्यावर आणा. आखातात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि खोबऱ्याची चटणी बंद खोलीत लवकर खवट होते. अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या केल्या तर एक वापरात आणि बाकीच्या फ्रीजमध्ये राहतात. चटणीतलं तेल साध्या पिशवीच्या शिवणीतून झिरपतं. जाड पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, मग झाकणाला चिकटपट्टी लावलेली प्लास्टिकची बरणी, आणि ती बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून. बाहेरून इंग्रजीत नाव लिहा. तिखट आणि मसाला केबिनच्या पिशवीत नेऊ देत नाहीत. ते चेक-इनमध्येच जातं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र न्यायच्याच नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते धोकादायक मालात धरतात.

बाकी खाण्याचं ओझं वाढवू नका. तूरडाळ, बासमती, पोहे, रवा, साबुदाणा, लोणचं, गूळ हे सगळं लुलूसारख्या मोठ्या दुकानांत मिळतं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मात्र मिळेलच असं नाही, त्यामुळे त्याचे दोन किलो नेले तर ते वजन सत्कारणी लागतं. ज्वारीचं पीठ फार नेऊ नका. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना चिरते. एक किलो पुरे, पुढचं तिथे घ्या. विड्याची पानं अमिरातीत बंदीच्या यादीत आहेत. गुटखा, मशेरी, तंबाखूच्या पुड्याही नेऊ नका. ज्याला सवय आहे त्याने निघण्याआधी दोन-तीन महिने ती सोडवायला घ्यावी. तिथे पोहोचून एकदम तुटली तर नव्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात डोकं जागेवर राहत नाही.

औषधांचं खसखशीइतकंच गंभीर आहे. ट्रामाडॉलची दुखण्याची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी झोपेची-चिंतेची गोळी, प्रीगाबालिन ही सगळी अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, तीही मर्यादित दिवसांच्या साठ्यासाठीच. कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलवाल्याने सुट्या पुडीत बांधून दिल्या असतील तर नेऊ नका, कारण त्यात काय आहे हे सांगता येत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, औषधाचं शास्त्रीय नाव असलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपर्यंतच्या घ्या. दात आणि चष्मा इथेच उरकून जा. स्वस्तातल्या विम्यात दातांचा खर्च बहुधा बसत नाही. चष्म्याची एक जादा जोडी आणि नंबरचा कागद सोबत ठेवा. लहानपणी क्षय होऊन गेला असेल तर व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीआधी कोल्हापुरातच छातीचा एक्स-रे काढून घ्या. फुप्फुसावरच्या जुन्या डागामुळेही माणूस 'अनफिट' ठरू शकतो, आणि हे एजंटला पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

आता कागद. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा) आहे का ते पाहा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ते असतं, आणि आखाती देशांत नोकरीला जाताना त्यांना ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावरून परवानगी घ्यावी लागते. त्याच वेळी प्रवासी भारतीय बीमा योजना काढली जाते: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण. एजंटचं नाव नोंदणीकृत आहे का तेही ई-मायग्रेटवर दिसतं. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. दीड-दोन लाख मागणारा आणि 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ' म्हणणारा एजंट असेल तर थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो कामगार.

शिक्षणाचे कागद अमिरातीसाठी पायरीपायरीने प्रमाणित करावे लागतात: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं. अमिरात, कतार आणि कुवेत कागदपत्रांच्या हेग करारात नाहीत, त्यामुळे नुसत्या अपॉस्टिलवर (त्या करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) भागत नाही. सौदी, ओमान आणि बहारीनला अपॉस्टिल चालतं. आयटीआयचं प्रमाणपत्र असो की शिवाजी विद्यापीठाची पदवी, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं पाहिजे. पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण आणि प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षर, किंवा आडनाव एकीकडे आधी आणि दुसरीकडे शेवटी, एवढ्यावरही कागद परत येतो. दुरुस्तीला महिनाही लागू शकतो. ऑफर मिळताच पहिलं काम हे करा.

मूळ प्रती केबिनच्या पिशवीत ठेवा, चेक-इनमध्ये कधीच नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचे २० फोटो, ऑफर लेटरची छापील प्रत (पगार आणि भत्ते ओळीने वाचून), जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं आणि सगळ्याची स्कॅन प्रत ईमेलवर, घरच्या एका माणसाकडेही. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेण्याला तिथल्या कायद्याचा आधार नाही. मागितला तर फोटोकॉपी द्या.

फोनची तयारी बहुतेकजण विसरतात. बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. रोमिंगवर एसएमएस यायला पैसे पडत नाहीत, पण रिचार्जची मुदत संपली की नंबर बंद होतो आणि त्याच्याबरोबर बँकही. नोकरीसाठी परदेशी राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओमध्ये (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं) बदलून घ्यावं लागतं, आणि तिथली कमाई पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडावं. ही कामं कोल्हापुरातच शाखेत बसून केली तर सोपी. शेतीची, पीककर्जाची किंवा सोसायटीची कामं मागे असतील तर भाऊ किंवा बायकोच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण कॉलला अडचण येते. तिथे परवानगी असलेलं बॉटिम हे ॲप वापरतात. ते आईच्या फोनवर निघण्याआधीच टाका आणि घरातल्या घरात एकदा कॉल लावून दाखवा. नंतर फोनवरून समजावणं फार जड जातं.

वीज २३० व्होल्टच असते, पण बटण-सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चपट्या पिनांचं. दोन चांगले अडॅप्टर आणि फ्यूज असलेली एक एक्स्टेंशन बोर्ड पुरे. पॉवर बँक केबिनमध्येच. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची (साधारण ७४ वॉट-तास) बिनधास्त.

कपड्यांत सुती गंजिफ्रॉक-अंडरवेअर जास्त, दोन पंचे, एक पातळ सोलापुरी चादर (एसीच्या खोलीत ती लागतेच) आणि लॉकरसाठी छोटं कुलूप. गादी-उशी तिथे घ्या. जुनी वापरलेली गादी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ढेकूण बाहेर काढणं अवघड असतं. हेल्मेट, सेफ्टी शूज, गॉगल देणं मालकाचं काम आहे, त्यासाठी वजन घालवू नका. पायात कोल्हापुरी असेल तर ती खोलीपुरती. टर्नर-फिटरने मात्र स्वतःचा व्हर्नियर आणि थ्रेड गेज न्यावा. तेल-वायूच्या कामात इंचातली मापं आणि इंची आटे रोज येतात, म्हणून इंच-मिलिमीटर दोन्ही दाखवणाराच घ्या. अवजारं चेक-इनमध्ये जातात, केबिनमध्ये काढून घेतात.

चेक-इन सामानाची तीस किलोची मर्यादा घरीच लटकत्या काट्यावर तपासा. मुंबईला जाऊन काउंटरवर बॅग उघडण्यात चटणीची बरणी आधी बाहेर येते. आणि गल्लीतल्या कोणी 'भावाला एवढं दे' म्हणून पाकीट दिलं तर नम्रपणे नाही म्हणा. २०१९ मध्ये दोह्यात उतरलेल्या मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात नातेवाइकाने दिलेल्या पाकिटात चरस सापडलं होतं. दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि निर्दोष ठरून घरी परतायला २०२१ उजाडलं. घ्यावंच लागलं तर समोर उघडून, शिवण उसवून पाहिलेलंच घ्या.

दुबईतल्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक ८०० ४६३४२ आहे. फोनमध्ये ठेवाच, पण कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरातही ठेवा. फोन हरवला किंवा कोणी काढून घेतला, तर तो कागदच हाताशी असतो.