दंडारीचा पेनड्राइव्ह : किती हाती लागलं, किती गेलं

राजेहो, 2016 ते 2019 मधली आपल्या झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, सगळी दंडार आणि खडी गंमत (दोन्ही आपली लोकनाट्यं) मी एकाच 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर ठेवली होती, आणि 'यंदा दुसरी कॉपी काढतोच' असं दरवर्षी म्हणत होतो. चाळीसेक तासांचं रेकॉर्डिंग आहे. यंदा काढायला घेतली, तर पेनड्राइव्हच मरून राहिला.

शनिवार
लावल्यावर दिवा लुकलुकला, फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागली आणि आत निम्म्या फायलींची नावं चौकोन अन् प्रश्नचिन्हं झालेली. विंडोजनं 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं. नाही म्हटलं. ब्रह्मपुरीच्या मोबाईल दुकानात दाखवला, तर 'फॉर्मॅट मारून देतो, पन्नास रुपये'. त्यालाही नाही म्हटलं. मरणाऱ्या पेनड्राइव्हवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही, एवढं मात्र आधीच शिकून ठेवलेलं.

आजार कसा जडला तेही कळतं. फ्लॅशच्या पेशीत विजेचा भार कोंडलेला असतो, तो हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त वेगानं गळतो. माझा पेनड्राइव्ह दोन उन्हाळे टिनाच्या छपराखाली लोखंडी पेटीत पडून होता. ब्रह्मपुरीचा पारा 46 च्या वर जातो तेव्हा त्या पेटीला हात लावला तर चटका बसतो.

रात्री जुन्या लॅपटॉपवर लिनक्स सुरू केलं. जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडमध्ये पेनड्राइव्हचा आकार बरोबर दिसला, तिथंच जीव भांड्यात पडला. शून्य दिसला असता तर कंट्रोलरच, म्हणजे पेनड्राइव्ह चालवणारी चिपच, गेली असं समजून घरचे उपाय बंद करायचे. मग डीडीरेस्क्यू लावला, म्हणजे खराब डिस्कची जशीच्या तशी कॉपी (इमेज) एका फायलीत काढणारा प्रोग्राम. हा आधी सरळ वाचता येईल तेवढं उचलतो, अडलेला भाग सोडून पुढं पळतो, आणि काय वाचलं, काय राहिलं त्याचा नकाशा एका फायलीत लिहीत जातो. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागेवर डोकं फोडत बसत नाही.

रविवार
पहाटे दोनला लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच मेलेली. नकाशा नसता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. लाईन आल्यावर तीच कमांड दिली आणि गाडी जिथं थांबली होती तिथूनच निघाली.

दुपारी मात्र पेनड्राइव्ह मधेच गायब व्हायला लागला. काढून पुन्हा लावला की लिनक्सनं दिलेलं त्याचं नाव बदलतं, तोच 'एसडीबी' आता 'एसडीसी' होऊन बसतो. प्रत्येक वेळी नाव तपासूनच कमांड द्या. इथं घाई केली की भलत्याच डिस्कची कॉपी होऊन बसते. दुपारभर नाद सोडला. एक्स्टेन्शन वायरीवर पेनड्राइव्ह लांब काढून टेबल फॅनसमोर ठेवला आणि पहाटे चारला उठून बसलो. आई म्हणे, "काहून गा, अभ्यासाले तं कधी उठला नाहीस!" पण दुपारी न वाचलेले तुकडे पहाटे वाचले गेले. शेवटाकडून उलटं वाचायला लावलं, त्यातही थोडं निघालं. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, आत दव धरतं.

बुधवार
तीन रात्रींनंतर 11 एमबी सोडून सगळं आलं. आपलं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) आहे, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ, म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट. हिशोब केला तर गेलेलं सगळं मिळून एका मिनिटाच्या आसपास. पण खराबी डिरेक्टरीच्या, म्हणजे फायलींची नावं-पत्ते असलेल्या, भागातही होती. म्हणून 41 पैकी 33 रेकॉर्डिंगच नावासकट उघडली. बाकी इमेजच्या कॉपीवर फोटोरेक (नावाशिवाय फायली हुडकणारा प्रोग्राम) चालवून काढली. सगळ्या फायली एकाच बैठकीत भरल्या होत्या, तुकडे विखुरले नव्हते, म्हणून अख्ख्या मिळाल्या. नावं मात्र गेली. एफ आणि पुढं नुसता आकडा. कोणतं गाव, कोणती मंडई (दिवाळीनंतरची गावची जत्रा), हे ऐकूनच ओळखायचं. एक तर मागं चालणाऱ्या धानाच्या मळणीयंत्रावरून ओळखली.

गुरुवार
या रेकॉर्डिंगांत गाणाऱ्या शाहीरबाबांकडे गेलो, बिननावाच्या फायलींची ओळख पटवायला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायले तरास घेतं गा बाबू? मी जित्ता आहो ना! फिरून म्हणून देतो." खरं आहे, पण 2017 च्या एका रेकॉर्डिंगच्या रात्री त्यांच्या मागे झील धरणारा (सुरात सूर मिसळून ओळ उचलणारा) जोडीदार आता नागपुरात वॉचमन आहे, तो दिवाळीलाही येत नाही.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये गणाच्या (सुरुवातीच्या गणपतीच्या गाण्याच्या) दुसऱ्या कडव्यात एकाएकी सगळं थांबतं, सेकंदभर. मी म्हटलं, "बाबा, हे पेनड्राइव्हनं खाल्लं." बाबा हसले. "पेनड्राइव्हनं नाही, मीच भुललो होतो. ढोलकीवालाही माझ्या तोंडाकडे पाहत राहिला."

घरी येऊन ऑडॅसिटीत (आवाजाची रेघ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती जागा मोठी करून पाहिली. डीडीरेस्क्यूनं न वाचलेल्या जागी शून्य असतात, तिथं रेघ एकदम सपाट दिसते. इथं रेघ बारीक थरथरत होती. आवाज पूर्ण वाढवला तर रातकिडे, आणि कुणीतरी हळूच पुढचा शब्द सांगतो आहे.

आता सगळं फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) करून एक कॉपी हार्ड डिस्कवर, दुसरी नागपूरला भावाकडे. बिननावाच्या आठांपैकी तीन अजून ओळखायच्या आहेत.