काळ्या सेटचा डावा बड : बास सापडला, पुढच्या व्हेंटनं (हवेच्या भोकानं) खाल्ला होता

सापडला भो, सापडला! माझ्या काळ्या वायरलेस इअरबडच्या सेटमधल्या डाव्या बडचा बास, म्हणजे खालचा जाडा आवाज, नेमका कुठून गळत होता ते एकदाचं कळलं, आणि काल रात्री दोन्ही बाजूंचे ग्राफ एकमेकांवर टाकले तर ३० हर्ट्झपासून वर जवळपास एकच रेघ दिसतेय, एका डीबीच्या आत. इतक्या दिवसांची खटपट कामी आली म्हणून रात्रीच लिहायला बसणार होतो पण लाइट गेली, म्हणून आज सविस्तर.

ज्यांना मागचं आठवत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की दोन्ही बडचा गळा म्हणजे गाणाऱ्याचा आवाज सारखा, झांज-टाळ सारखे, फक्त डावीकडं खालचं सगळं गायब. नोझलची (कानात जाणाऱ्या नळीची) मेश म्हणजे जाळी साफ करून झाली होती (ब्लू टॅकनं, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून नाही, मेशचा गोंद सुटतो हे परत एकदा सांगून ठेवतो), टिपा अदलाबदल करून झाल्या होत्या, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमधला बॅलन्स बरोबर मध्यावर, फोन बदलला, अनपेअर करून परत पेअर केलं, काही फरक नाही. मागच्या वेळी कोडेकवर (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) बरेच जण अडून बसले होते, पण कोडेकनं आवाज खराब झाला तर तो दोन्ही कानांत होईल ना. एसबीसी ३२८ केबीपीएसवर चालू असो की एलडॅक ९९० वर, एकाच बाजूचा आणि त्यातही फक्त खालचा भाग कोडेक कसा उचलून नेईल? आणि मेश चोंदली असती तर वरचा आवाज आधी मेला असता, एकूण व्हॉल्यूम पडला असता. इथं वरचं सगळं जिवंत आणि बुडच गेलेलं. म्हणजे एकतर ड्रायव्हर (बडमधला बारीक स्पीकर) नीट हलत नाहीये, नाहीतर हवा कुठूनतरी निसटतेय.

पहिली खरी खूण मिळाली ती बसमध्ये. जळगावहून धुळ्याला चाललो होतो, एएनसी (बाहेरचा गोंगाट दाबायची सोय) चालू, उजव्या कानात इंजिनाची घरघर बऱ्यापैकी दबलेली आणि डाव्या कानात ती तशीच्या तशी. एएनसीचं मुख्य काम खालच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतं आणि सील गळकं असेल तर ते पहिलं कोलमडतं. ड्रायव्हर मेला असता तरी एएनसी पडलंच असतं म्हणा, पण डोक्यात गळतीची शंका पक्की बसली ती तिथंच, पारोळ्याच्या आसपास.

घरी आल्यावर सिलिकॉनच्या नळीत बसवलेला माईक परत काढला. हा काही खरा कपलर (इअरफोन मापायचा कृत्रिम कान) नाही, त्याचे आकडे जसेच्या तसे धरायचे नाहीत, पण डावा आणि उजवा एकमेकांशी ताडून बघायला एकदम मस्त चालतो. ब्लूटूथच्या लेटन्सीमुळं (उशिरामुळं) स्वीपचं, म्हणजे खालून वर सरकत जाणाऱ्या स्वराचं टायमिंग बिघडतं म्हणून मी पिंक नॉइजची (सगळे स्वर एकदम असलेल्या खरखरीची) फाइल फोनवर लावतो आणि आरईडब्ल्यू या मापाच्या सॉफ्टवेअरमधल्या आरटीएवर (चालू ग्राफवर) सरासरी घेतो, एएनसी बंद, अ‍ॅपमधला इक्यू (इक्वलायझर) फ्लॅट, बड आणि नळीच्या सांध्याला मुलांची खेळायची माती दाबून. एएनसी बंद ठेवणं फार गरजेचं आहे कारण आतला फीडबॅक माईक गळती भरून काढायचा प्रयत्न करतो आणि ग्राफ खोटं सांगतो.

ग्राफ आला तो असा : १ किलोहर्ट्झवर दोघं एकत्र, २०० च्या खाली डावा सुटायला लागतो, ५० वर साधारण १२ डीबी खाली आणि त्याच्याही खाली अजून घसरतच जातो. ही घसरण नीट बघा, सगळं उत्तर त्यातच होतं. मागचा व्हेंट चोंदला तरी बास जातो, कारण ड्रायव्हरच्या मागं कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडदा पुरेसा हलू देत नाही. पण तसं झालं तर ग्राफ खाली येऊन एका पातळीवर सपाट होतो, शेल्फ बनतो. गळती असेल तर मात्र जितकं खाली जाल तितकं जास्त पडतं, सपाटी येतच नाही. जाडा स्वर सावकाश हलतो, तेवढ्यात हवेला भोकातून निसटायला वेळ मिळतो. बारीक स्वर इतका भराभर हलतो की भोकातली हवा जागची हलेपर्यंत दाब परत उलटा फिरलेला असतो, म्हणून वरचं काहीच बिघडत नाही.

खात्री करायला उजव्या, म्हणजे चांगल्या बडचा मागचा व्हेंट मुद्दाम कॅप्टॉन टेपनं (उष्णता झेलणाऱ्या पिवळट चिकटपट्टीनं) झाकून मापला, आला तो शेल्फच. मग डाव्याचा मागचा व्हेंट ब्रशनं साफ केला, ग्राफ तसूभर हलला नाही. म्हणजे मागची बाजू सुटली. मग कॅप्टॉनचा बारीक तुकडा नोझलच्या बुडाशी असलेल्या पुढच्या व्हेंटवर चिकटवला आणि परत पिंक नॉइज लावला, आणि काय सांगू भो, स्क्रीनवर डावी रेघ ५० हर्ट्झला डोळ्यांदेखत वर चढली! मी अक्षरशः खुर्चीतून उठलो.

भिंग लावून बघितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. उजवीकडच्या व्हेंटच्या भोकाला आतून राखाडी रंगाची बारीक जाळी ताणून बसवलेली दिसते. डावीकडं तीच जाळी एका कडेनं सुटून आत लोंबत होती, तिच्या कडेला पिवळट चिकट गोंदाचा ओघळ. आता हा गोंद का सुटला याचं माझं उत्तर म्हणजे आपला मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, त्यात गाडीच्या बंद डिकीत केस पडून राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा किती वर जातं ते हात घातला की कळतंच. प्रेशर सेन्सिटिव्ह (नुसता दाबून चिकटणारा) गोंद उन्हात मऊ पडतो, आणि तेवढीशी जाळी सरकायला जोर लागतो कितीसा. खान्देशातल्या सगळ्यांनी उन्हाळ्यात केस डिकीत ठेवणं बंद करा, लिथियम सेलसाठीही ते वाईटच.

इथपर्यंत ऐकून वाटेल की झालं, भोक बुजवा आणि मोकळे व्हा. नाही ना! खरी झुंज इथूनच सुरू झाली, आणि सगळ्यात जास्त वेळ याच्यातच गेला.

भोक पूर्ण बुजवलं की डावा बड उजव्याच्याही ४ डीबी वर जातो, बास घुमतो, गाणाऱ्याच्या आवाजावर चढून बसतो. शिवाय बड कानात दाबताना आत कोंडलेल्या हवेनं पडदा वाकतो आणि कचकच आवाज येतो, आपला जुना ओळखीचा ड्रायव्हर फ्लेक्स. कंपनीनं तिथं भोक ठेवलंय ते दाब सुटायला, आणि त्याच्यावर जाळी लावलीय ती नेमकी किती हवा सुटू द्यायची ते ठरवायला. म्हणजे मला बूच नको होतं, मोजून मापून अडथळा हवा होता.

आधी ऑनलाइन मागवलेल्या मेशच्या पॅकमधल्या जाळ्या लावून बघितल्या. त्या पाकिटावर सगळ्या एकसारख्या असं छापलंय आणि भिंगाखाली एकीची वीण दुसरीशी जुळत नाही. नोझलवर धूळ अडवायला ठीक आहेत, पण डॅम्पिंगसाठी, म्हणजे हवेला अडथळा करायला, उपयोग शून्य, हवा सरळ आरपार जाते. विकणाऱ्यानं निदान वीण तरी लिहावी, अडथळ्याचा आकडा तर दूरच राहिला. फोम लावला, तो दाबला गेला की दर वेळी वेगळं माप. कोणीतरी कापूस सुचवला होता, आपल्याकडं कापसाला तोटा नाही हे खरं, पण कापूस कानाचा घाम पितो, गोळा होतो, आणि आज मापलेलं उद्या तसंच राहील याची काही हमी नाही.

शेवटी आठवला मायक्रोपोर. वायर्ड आयईएमवाले (कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरणारे) व्हेंटवर आणि नोझलवर लावतात तोच कागदी सर्जिकल टेप. मेडिकलवर गेलो तर दुकानातला दादा विचारतो, "काय भो, कुठं लागलं?" म्हटलं मला नाही, इअरबडला लागलंय, तर त्यानं बड हातात घेऊन पाच मिनिटं सगळं समजून घेतलं आणि अर्धा इंची रोल दिला. मंडळी, एवढ्याशा पैशात इतकं कामाचं मटेरियल दुसरं नाही, प्रत्येकाच्या डब्यात एक रोल पाहिजेच पाहिजे.

एक थर लावला, बास बराच आला पण ५० वर अजून ३ डीबी कमी. दुसरा थर पहिल्याच्या आडवा लावला आणि रेघ उजव्यावर जाऊन बसली. ड्रायव्हर फ्लेक्स नाही, कचकच नाही. लोंबणारी जुनी जाळी चिमट्यानं ओढून काढली, नाहीतर ती आत ड्रायव्हरला लागून खरखरली असती. कडेनं बी-७००० या गोंदाचा अगदी केसाएवढा थर सुईनं फिरवला, भोकावर येऊ न देता, आणि रात्रभर तसाच ठेवला. गोंद लवकर सुकावा म्हणून हॉट एअर किंवा हेअर ड्रायर मारू नका, आत नाण्याच्या आकाराचा सेल आहे, त्याला उष्णता दाखवायची नाही. बी-७००० आपल्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, छोटी ट्यूब घ्या, मोठी अर्ध्यातच सुकते.

कानाची परीक्षा घ्यायला माझ्याकडं नेहमीचं रेकॉर्डिंग आहे, अमळनेरला मामाकडं कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री हँडी रेकॉर्डरवर घेतलेलं, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात. मामी आणि शेजारच्या दोन आज्या रेकॉर्डरच्या उजवीकडं बसल्यात आणि ढोलवाला डावीकडं दाराजवळ. इतके दिवस या सेटवर ढोलाच्या थापेची फक्त वरची टिचकी ऐकू यायची, पोकळ, पत्र्यावर वाजवल्यासारखी. काल रात्री थाप पडली आणि तिच्या मागं चामड्याचा तो घुमारा दाराच्या बाजूनं पूर्ण आला, संपेपर्यंत ऐकू आला, आणि मामीचा आवाज उजवीकडं आपल्या जागी. मला तो क्षण फार आवडला, तीच फाइल परत परत लावून ऐकत बसलो.

इक्यूनं का नाही केलं असं विचारणाऱ्यांना उत्तर : एका बाजूला ५० हर्ट्झवर १२ डीबी वाढवणं म्हणजे पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारत बसणं. पडदा चौपट हलवावा लागतो, डिस्टॉर्शन वाढतं, आवाज फाटू नये म्हणून सगळा व्हॉल्यूम खाली घ्यावा लागतो आणि हवा तरीही बाहेरच. इक्यू शेवटची झिलई करायला ठेवा, दुरुस्तीला नाही. नवीन ड्रायव्हरची जोडी मागवणार होतो ती ऑर्डर अर्थात रद्द.

पुढचा प्लॅन असा होता की आता शेल (बडचं कवच) बंद करून मोकळं व्हायचं. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की उजवीकडची जाळी त्याच गोंदावर बसलीय आणि तिनंही तोच उन्हाळा काढलाय. ती आज ना उद्या सुटणारच. आणि डावीकडं कागद, उजवीकडं जाळी, घाम लागला की दोघांचा अडथळा वेगवेगळा बदलणार, मग जुळवलेल्या रेघा परत फाकणार. त्यामुळं आता ठरलं, उजवीकडचीही जाळी काढून तिथं मायक्रोपोरचेच दोन थर, एकाच रोलचे. म्हणजे दोन्हीकडं एकच मटेरियल. आणि ते करतोच आहे तर उजवीकडं आधी एक थर, मग दोन, मग तीन असं प्रत्येकाचं माप घेऊन ठेवतो, म्हणजे हा सेट असणाऱ्या कोणालाही थर मोजून बास कमी-जास्त करता येईल. हे आधी डोक्यात नव्हतं, पण मला आता मूळ दुरुस्तीपेक्षा हेच जास्त भारी वाटायला लागलंय.

मध्येच एक छोटं काम उरकलं. भुसावळच्या एका दादांनी विचारलं होतं की लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की बडचा आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा का होतो. दादा, तुमचे बड चांगले आहेत. बडचा माईक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचं प्रोफाइल सोडून हँड्सफ्री प्रोफाइलवर जातं, तिथं मोनो आवाज आणि सॅम्पलिंग सहसा ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झ. मीटिंगच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा, बड फक्त ऐकायला ठेवा, स्टिरिओ परत येतो. आणि आवाज तुटत असेल तर ब्लूटूथचा रिसिव्हर यूएसबी ३ च्या पोर्टला अगदी खेटून लावू नका, त्या पोर्टचा नॉइज २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो.

आता एक विनंती. माझ्या नळीवर १० किलोहर्ट्झच्या वरचं माप भरवशाचं नाही, आणि मायक्रोपोरनं वर काही बदललंय का ते मला नीट बघायचंय. धुळे, नंदुरबार, शहादा, चाळीसगाव, कुठंही कोणाकडं ७११ टाइपचा (त्या प्रमाणाचा) खरा कपलर असेल तर सांगा, क्लोन म्हणजे नक्कल असला तरी चालेल. सेट घेऊन मी तिकडं येतो, रोल सोबत आणतो, तुमच्याही बडचे व्हेंट त्याच बैठकीत मापून टाकू.