घमेलं, चर आणि मामाची भावकी

परवा लंचला विषय निघाला की रिटायरमेंटनंतर सुखात जगायला किती कोटी लागतील, एकाने तर तिथेच एक्सेल उघडलं. मला उगाचच २०१८ चा मे आठवला, माण तालुक्यातलं मामाचं गाव.

तेव्हा वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा चालू होती, ८ एप्रिल ते २२ मे, गावंच्या गावं श्रमदानाला. मी दोन दिवस गेलो, खरं सांगू का, फोटो काढायला. माळावर ए-फ्रेम (एकसारखी पातळी शोधायची A आकाराची चौकट) लावून फक्कीने रेषा मारलेल्या, त्यावर सीसीटी म्हणजे सलग समतल चर खणायचे, उतारावरून पळणारं पाणी तिथंच अडून मुरावं म्हणून. मी जोशात माती वरच्या अंगाला टाकत सुटलो तर एक आज्जी ओरडली, "आरं लेकरा, खालच्या अंगाला टाक की, पयल्याच पावसात समदी माती परत चरात यील!" तोवर हाताला फोड आलेच होते.

दुसऱ्या दिवशी बांधावर दगड वाहायला साखळी केली आणि नेमके मामा आणि चुलतमामा शेजारी आले. दोघांची शेताच्या बांधावरून कोर्टात केस, बोलणं कित्येक वर्षं बंद. तासभर घमेली इकडून तिकडे जात होती पण दोघांची नजर काय वर होईना. शेवटी चुलतमामाच बोलला, "नीट धर की, पायावर पाडशील." बास, एवढंच.

आणि पाऊस? त्या वर्षी दगाच दिला. चर कोरडे ठाक, २०१९ ला जनावरं चारा छावणीत. मामा फोनवर म्हणायचा "पुढच्या साली भरतंय बघ", आणि मला वैताग यायचा, कशाच्या जोरावर बोलतो हा माणूस? पण बोलून गप्प बसला नाही तो, उन्हाळ्यात चरातला गाळ काढायला परत माळावर. छावणीत त्याच्या गाईंशेजारी चुलतमामाच्या म्हशी, रात्री राखणीला दोघं आळीपाळीने. आमच्या एक्सेलमध्ये याचा कॉलम कुठे टाकायचा कोण जाणे. (केस अजून चालू आहे बरं का, उगाच पिक्चरसारखं काही झालेलं नाही.)

२०१९ च्या परतीच्या पावसात मामाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. मोबाईल नुसता हलतोय, चरात लालसर गढूळ पाणी, आणि मागून चुलतमामाचा आवाज, "आरं आमच्या बाजूचा बी घे की त्यात!"